जात चित्रात कशी काढायची? ‘भीमायन’ वाचताना

डोळ्यांसमोर एक चित्र आणा. साल साधारण १९०१. सातारा जिल्ह्यातलं मसूर नावाचं लहानसं रेल्वे स्टेशन. गाडी निघून गेलीय, फलाट रिकामा झालाय, आणि मुलांचा एक छोटा घोळका सामानासकट उभा आहे. अंगात विलायती धाटणीचे शर्ट, डोक्यावर चमचमत्या टोप्या, रेशीमकाठी धोतरं, पायात नवे बूट. वडील कुणाला तरी घ्यायला पाठवतील म्हणून मुलं वाट बघतायत. तेवढ्यात स्टेशनमास्तर येतो आणि विचारपूस करतो.

आता सांगा, या चित्रात जात कुठे आहे?

नाही ना सापडली? स्टेशनमास्तरलाही सापडली नव्हती. कपड्यांवरून त्याला ही मुलं ब्राह्मणांची वाटली. मग त्यांच्यातल्या नऊ-दहा वर्षांच्या भीमाने आपण महार असल्याचं सांगून टाकलं. स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला आणि तो मुलांना तिथेच सोडून आपल्या खोलीत निघून गेला. चित्रातलं काहीही बदललं नव्हतं. टोप्या त्याच, धोतरं तीच, मुलं तीच. मध्ये आला तो फक्त एक शब्द.

हा प्रसंग डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या इंग्रजी आठवणींमध्ये सांगितलाय. त्या १९३५-३६ च्या सुमारास लिहिलेल्या. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली त्यांची पुस्तिका काढली. सुरुवातीलाच ते म्हणतात की परदेशातल्या माणसाला अस्पृश्यता नावाचं काहीतरी आहे हे माहीत असतं, पण ती रोजच्या जगण्यात काय करते याची त्याला कल्पना नसते. म्हणून व्याख्या वगैरे देण्यापेक्षा ते प्रत्यक्ष घडलेले प्रसंग सांगतात. म्हणजे हे लिखाण मुळात बाहेरच्या वाचकासाठी आहे. तुम्ही न्यू जर्सीत, लेस्टरमध्ये किंवा दुबईत वाढला असाल, तर ते थेट तुमच्यासाठी लिहिलंय असं समजा. त्यातून शीर्षकातला ‘व्हिसा’ हा शब्द आपल्याला किती ओळखीचा! फरक एवढाच की आपण व्हिसा मागतो तो दुसऱ्याच्या देशाचा.

याच आठवणींवर बेतलेलं ‘भीमायन’ हे चित्रमय पुस्तक नवयान प्रकाशनाने २०११ साली काढलं. चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांची, शब्द श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे. पुस्तक इंग्रजीत आहे, त्यामुळे ज्यांचं देवनागरी वाचन अडखळतं त्यांच्याही हातात ते येऊ शकतं. चित्र आणि शब्द एकत्र वाचताना माणूस नेमकं काय शिकतो, हा प्रश्न तपासायला इतकं चांगलं आणि इतकं अवघड उदाहरण मला दुसरं सुचत नाही. कारण या पुस्तकापुढची अडचण मसूरच्या फलाटावरच उभी आहे: जी गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही, ती चित्रात कशी काढायची?

चित्र म्हणजे सोपं?

आपल्याकडे एक पक्की समजूत आहे की चित्र असलं की गोष्ट सोपी होते. लहान मुलांना चित्रांची पुस्तकं, मोठ्यांना बिनचित्रांची. ही समजूत अगदीच निराधार नाही. रिचर्ड मेयर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सायकलचा पंप कसा चालतो, ब्रेक कसे लागतात, वीज कशी पडते अशा विषयांवर बरेच प्रयोग केले. नुसते शब्द वाचणाऱ्यांपेक्षा शब्द आणि चित्रं एकत्र बघणाऱ्यांना विषय जास्त समजला, म्हणजे नवीन प्रश्न सोडवताना त्यांना तो जास्त वापरता आला. पण मेयरच्याच कामात दोन अटीही आहेत, आणि त्या आपण सोयीस्करपणे विसरतो. एक, शब्द आणि चित्र जवळजवळ असायला हवेत. चित्र या पानावर आणि त्याचं वर्णन पुढच्या पानावर, असं नको. दुसरी, चित्र मुद्द्याचं असायला हवं. मजेदार पण विषयाशी संबंध नसलेलं चित्र शिकण्याला मदत तर करत नाहीच, उलट आड येतं.

इथवर ठीक. पण पंपाचं काम दिसण्यासारखं असतं. दट्ट्या खाली जातो, हवा दाबली जाते, झडप उघडते. आत काय चाललंय ते उभा छेद घेऊन दाखवता येतं. जातीचा उभा छेद कसा घेणार? मसूरच्या स्टेशनमास्तरने मागे घेतलेलं पाऊल काढता येईल, पण ते का मागे घेतलं हे चित्रात येणार नाही. तिथे शब्द लागतोच.

शब्द चित्राला कसा बदलतो याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण जॉन बर्जरने दिलंय. १९७२ साली बीबीसीवर त्याची ‘वेज ऑफ सीइंग’ ही मालिका आली आणि त्याच नावाचं पुस्तकही. पुस्तकात तो व्हॅन गॉचं एक चित्र दाखवतो: गव्हाचं शेत आणि वर उडणारे कावळे. आधी म्हणतो, नुसतं बघा. मग पान उलटल्यावर तेच चित्र, पण खाली एक ओळ, की आत्महत्येआधी व्हॅन गॉने काढलेलं हे शेवटचं चित्र. झालं! आता ते कावळे तुम्हाला नुसते कावळे वाटत नाहीत. आभाळ जास्त काळं दिसायला लागतं. गंमत म्हणजे ती ओळ खरीही नसावी. अभ्यासकांच्या मते शेवटचं चित्र बहुधा झाडांच्या मुळांचं होतं. पण शब्दाने आपलं काम केलेलं असतं. ओळ चुकीची आहे हे कळल्यावरही कावळे पुन्हा पहिल्यासारखे दिसत नाहीत.

मसूरच्या फलाटावर हेच झालं, फक्त उलट्या दिशेने. तिथे शब्द खरा होता, पण त्याच्यामुळे बघणाऱ्याला दिसू लागलं ते खोटं. समोरची स्वच्छ, नीटनेटकी मुलं एका क्षणात ‘विटाळ’ झाली. ‘भीमायन’ची प्रस्तावना याच जॉन बर्जरने लिहिलीय. मला हा नुसता योगायोग वाटत नाही.

आपल्या डोळ्यांना लागलेली सवय

आता आपल्या सवयीकडे येऊ. परदेशातल्या मराठी घरांत चित्रकथा म्हटलं की आधी आठवतं ते ‘अमर चित्र कथा’. अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केलेली ही मालिका कित्येक बॅगांमधून समुद्रापार गेली. आजीने सांगायच्या गोष्टी आजीच्या गैरहजेरीत या अंकांनी सांगितल्या. शिवाजी महाराज, तानाजी, ज्ञानेश्वर बऱ्याच जणांना आधी भेटले ते तिथेच. हे ऋण मोठं आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. आंबेडकरांवरचा अंकही या मालिकेत १९७९ साली आला, म्हणजे त्यांच्या नावाने एवढे रस्ते आणि विद्यापीठं होण्याच्या बऱ्याच आधी. मी इथे त्या एका अंकाबद्दल बोलत नाहीये. मी बोलतेय ते त्या शैलीने आपल्या डोळ्यांना लावलेल्या सवयीबद्दल.

ती शैली अशी: पानावर सरळ चौकटी, डावीकडून उजवीकडे. चौकटीच्या वर निवेदनाची पट्टी, आत खऱ्यासारखी दिसणारी माणसं, तोंडाजवळ फुगा. पट्टी सांगते की राजाला राग आला. चित्रात राजा रागावलेला. फुग्यात राजा रागाने बोलतो. एकच गोष्ट तीन वेळा. वाचन त्यामुळे भरभर होतं, अडत नाही. पण या शैलीला माणूस कसा आहे हे तो कसा दिसतो यावरून सांगावं लागतं. म्हणून नायक गोरा, रेखीव; असुर काळा, आडदांड. चांगुलपणा नाकीडोळी कळतो, वाईटपणाही.

या शैलीत मसूरचा फलाट काढून बघा. मुलं अस्पृश्य आहेत हे वाचकाला पहिल्या नजरेत कळायला हवं असेल, तर चित्रकाराला काय करावं लागेल? कपडे फाटके करावे लागतील, अंग मळकं करावं लागेल, रंग दोन छटा गडद करावा लागेल. म्हणजे प्रसंगाचा जीवच जाईल, कारण प्रसंगाचं मर्मच हे आहे की मुलं तशी नव्हती. आणि समजा चित्रकार प्रामाणिक राहिला, धोतराला रेशमी काठ काढला, तर चित्र निमूट होतं आणि सगळा भार फुग्यातल्या शब्दावर जातो. खऱ्यासारखं चित्र इथे एक तर खोटं बोलतं, नाहीतर गप्प बसतं. तिसरी वाट तिच्याकडे नाही.

फुग्याला नांगी

व्याम दांपत्याने तिसरी वाट काढली.

परधान हे गोंडांचे परंपरागत गायक. बाणा नावाचं तंतुवाद्य वाजवत देवादिकांच्या आणि वंशांच्या कथा गाणं हे त्यांचं काम. घरांच्या भिंतींवर आणि जमिनीवर नक्षी काढायची परंपराही तिथलीच. या चित्रांना कागदावर आणलं ते मध्य प्रदेशातल्या पाटणगढच्या जनगढ सिंह श्याम यांनी, भोपाळच्या भारत भवनात १९८०च्या दशकात. दुर्गाबाई आणि सुभाष याच वाटेवरचे; दुर्गाबाईंना २०२२ साली पद्मश्री मिळाली. म्हणजे गाणाऱ्यांच्या घराण्यातून आलेली ही चित्रं आहेत. आपल्या कोकणात कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी असेच: चित्राचे सुटे कागद एकेक करून दाखवायचे आणि रामायण-महाभारतातला प्रसंग गाऊन सांगायचा. तिथे चित्र एकटं कधी बोलतच नाही, आवाज त्याच्या सोबतीला असतो. चित्राने शब्दावाचून सगळं सांगावं हा हट्ट या परंपरांमध्ये नाही.

‘भीमायन’मध्ये पहिली गोष्ट जाणवते ती म्हणजे चौकटी नाहीत. माणसांना डब्यांत कोंडलं की ती गुदमरतात, आमची चित्रं मोकळी असतात, अशी या चित्रकारांची भूमिका. त्याऐवजी दिग्ना या पारंपरिक नक्षीचे पट्टे पानभर वळणं घेत जातात आणि प्रसंग वेगळे करतात. याचा वाचनावर काय परिणाम होतो? डोळ्याला पुढे कुठे जायचं ते कळत नाही. चौकटींच्या पानावर वाट आधीच आखलेली असते. इथे तुम्ही थांबता, मागे येता, हा फुगा आधीचा की नंतरचा ते ठरवता. पहिल्या दहा पानांत चिडचिड होते, हे कबूल करायला हरकत नाही. ती चिडचिड सोसा. भरभर वाचायची सवय मोडल्याशिवाय पुढचं दिसत नाही.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते या पुस्तकातला सगळ्यात मोठा शोध: संवादाचे फुगे. इथे फुगे तीन तऱ्हेचे आहेत. ज्यांचं बोलणं मृदू आहे, जे अन्याय सोसतायत, त्यांचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा. ज्यांच्या बोलण्यात जातीचं विष आहे, त्यांच्या फुग्याला विंचवाची नांगी. आणि मनातल्या विचारांच्या फुग्याला एक डोळा, मनाचा डोळा.

आता पुन्हा फलाटावर जा. प्रश्न होता की न दिसणारी गोष्ट कशी काढायची. या चित्रकारांनी ती मुलांच्या अंगावर काढली नाही, कपड्यांत काढली नाही, कातडीच्या रंगात तर नाहीच नाही. ती काढली बोलणाऱ्याच्या शब्दाच्या आकारात. जात ही सोसणाऱ्याच्या अंगावरची खूण नाही, बोलणाऱ्याच्या तोंडातलं विष आहे, हे वाक्य पुस्तकात कुठे लिहावं लागत नाही. तुम्ही ते बघता. एका प्रसंगात साधा गोल फुगा असता तर तुम्ही आतला मजकूर वाचून पुढे गेला असता. नांगी दिसल्यावर तुम्ही आधी विचारता: हा कोण बोलतोय, आणि याच्या बोलण्यात काय आहे? मेयरची अट आठवा: शब्द आणि चित्र जवळ हवेत. इथे ते जवळ नाहीत, एकच आहेत. चित्र शब्दाच्या शेजारी उभं नाही, शब्दालाच चित्राचं अंग मिळालंय.

तिसरी गोष्ट सृष्टीची. पुस्तकाचे मुख्य भाग तीन: पाणी, निवारा, प्रवास. पाण्याच्या भागात मासे आणि पाण्यातले जीव जागोजागी येतात. निवाऱ्याच्या भागात झाडं पसरतात. रेल्वेगाडी सापासारखी, किल्ला हिंस्र जनावरासारखा. १९१७ साली आंबेडकर अमेरिकेतून आणि लंडनहून शिकून बडोद्याच्या नोकरीवर आले तो प्रसंग घ्या. राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी नाव घेऊन ते पारशांच्या पथिकाश्रमात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला. तिथून निघून ते कामाठी बागेत जाऊन बसले. एका मित्राने, दुसऱ्या मित्राने, कुणीच घरात घेतलं नाही. ते लिहितात की पाचेक वर्षं परदेशात राहिल्यावर आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती. ‘भीमायन’मध्ये बागेतला माणूस आणि बाग अलग राहत नाहीत, त्याचं शरीरच बागेत मिसळतं. ज्याला घर मिळालं नाही त्याला सावली देणारं तेवढंच उरलं, हे चित्र सांगतं. शब्द तिथे जागा सोडतात आणि तेच बरोबर आहे.

जिथे पुस्तक कमी पडतं

एवढं कौतुक केल्यावर खटकलेलंही सांगायला हवं, नाहीतर ही जाहिरात होईल.

पहिलं, बाहेरची चौकट. हो, चौकटी नाकारणाऱ्या पुस्तकाला गोष्टीची एक चौकट आहेच. आजच्या एका शहरातला बसस्टॉप. एक तरुण आरक्षणावर वैतागलाय, एक बाई त्याला आंबेडकरांची गोष्ट सांगते. बोलण्यात २००६ सालचं खैरलांजीही येतं. हेतू उघड आहे: हे सगळं शंभर वर्षांपूर्वीचं नाही, आजचं आहे. पण इथले शब्द पाठ्यपुस्तकासारखे बोलतात. बाई समजावते, तरुण विचारतो, बाई पुन्हा समजावते. चित्रांनी वाचकावर जो विश्वास टाकलाय तो इथे शब्दांनी टाकलेला नाही. त्यापेक्षा मध्येमध्ये येणारी जातीय अत्याचारांच्या बातम्यांची कात्रणं कितीतरी जास्त काम करतात. कोरडी, छापील, काही न समजावणारी. नक्षीदार पानात असं कात्रण आलं की डोळा ठेचकाळतो, आणि तो तसा ठेचकाळायलाच हवा.

दुसरी शंका जास्त गंभीर आहे. विंचू चावतो तो स्वभावाने. त्याला पर्याय नसतो. स्टेशनमास्तरला होता. साप, जनावर, नांगी ही सगळी प्रतिमा निसर्गातून घेतली की क्रौर्यही निसर्गातलं वाटू लागण्याचा धोका असतो: पाऊस पडतो, विंचू चावतो, माणसं जात पाळतात. याला पुस्तकाचं एक उत्तर आहे: नांगी माणसाला नाही, फुग्याला आहे. म्हणजे माणूस माणूसच आहे आणि त्याने उद्या वेगळं बोलायचं ठरवलं तर फुगा बदलू शकतो. मला हे उत्तर बऱ्यापैकी पटतं. पण वाचकाने ते स्वतः शोधावं लागतं, आणि घाईत वाचणाऱ्याच्या हाती फक्त विंचूच लागेल.

तिसरी मर्यादा दाखवायला चाळीसगावचा प्रसंग घ्या. १९२९ साली आंबेडकर तिथे उतरले तेव्हा महार वस्तीतल्या लोकांना त्यांना मानाने टांग्यातून न्यायचं होतं. टांगेवाले टांगा हाकायला तयार होईनात, आणि एवढ्या मोठ्या पाहुण्याला चालत नेणं त्यांना कमीपणाचं वाटलं. शेवटी टांगा भाड्याने घेतला आणि वस्तीतल्याच एकाने हाकला, ज्याला टांगा हाकायची सवय नव्हती. वाटेत अपघात झाला, आंबेडकर दगडांवर फेकले गेले, पाय मोडला. या अपघाताच्या क्षणी आजूबाजूला कुणीही विषारी बोलत नाहीये. सगळे प्रेमाने, आदराने बोलतायत. सगळे फुगे पक्ष्यांचे, आणि तरीही पाय मोडतो! इथे जात कुणाच्या तोंडात नाही, ती कोण काय काम करील आणि करणार नाही या व्यवस्थेत आहे. फुग्यांची भाषा इथे अपुरी पडते. आंबेडकरांचं कोरडं, हिशेबी गद्य मात्र पुरं पडतं, कारण ते एकामागून एक कारणं मांडत जातं. म्हणून माझं म्हणणं असं आहे की ‘भीमायन’ वाचल्यावर ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ वाचाच. जेमतेम काही पानांचं आहे, एका बैठकीत होतं. चित्रांनी काय मिळवलं आणि काय सुटलं हे दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.

मग वाचायचं कसं?

एक साधी पद्धत सुचवते. एक दुपान निवडा. आधी फुग्यांतला मजकूर कागदाने झाका आणि फक्त चित्र बघा. काय चाललंय याचा अंदाज दोन ओळींत लिहा. मग उलट करा: चित्राकडे लक्ष न देता फक्त शब्द वाचा. शेवटी दोन्ही एकत्र. तीन वेळा तीन वेगळ्या गोष्टी समजतील. त्यातली जी गोष्ट फक्त तिसऱ्या वेळी समजली, ना नुसत्या चित्रातून ना नुसत्या शब्दांतून, ती खरी या पुस्तकाची कमाई. जिथे तिसऱ्या वेळी नवीन काहीच मिळालं नाही, तिथे चित्र किंवा शब्द, दोघांपैकी एक नुसतं शोभेला आहे. ही परीक्षा ‘अमर चित्र कथा’ला लावा, बातमीतल्या फोटोला लावा, इन्स्टाग्रामवरच्या पोस्टला लावा. चित्र वाचायला शिकणं म्हणजे चित्रात जे नाही ते कुठून आलं हे ओळखायला शिकणं.

आणि हे शिकणं फक्त पुस्तकापुरतं नाही. आपल्या गणेशोत्सवाचा एखादा ग्रुप फोटो काढून बघा. शाळेच्या हॉलमध्ये काढलेला, नथी, फेटे, नेहरू जाकीटं, हसरे चेहरे. या फोटोत जात दिसते का? नाही दिसत. म्हणून आपण सहज म्हणतो की इथे परदेशात जात वगैरे काही उरलेलं नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत सिअ‍ॅटलच्या नगरपरिषदेने जातिभेदावर बंदी घालणारा कायदा केला, अमेरिकेतल्या शहरांत पहिलाच. तेव्हा भारतीय मंडळींत हा मुद्दा बराच ऐकू आला: जे दिसतच नाही त्याच्यावर कायदा कसला? पण फोटो काढून झाल्यावर जेवणाच्या रांगेत काय होतं ते ऐका. कुणीतरी नवीन कुटुंब येतं. गाव विचारलं जातं, नोकरी विचारली जाते, आणि मग अगदी गोड आवाजात: आडनाव काय म्हणालात?

उत्तर आलं की कधी गप्पा पुढे चालू राहतात, कधी समोरच्याचा चेहरा किंचित बदलतो. क्षणभरच. फोटोत तो क्षण येत नाही, कारण फोटो आधीच काढून झालेला असतो. मसूरच्या स्टेशनमास्तरला कपड्यांतून काही कळलं नव्हतं, त्यालाही शब्दच विचारावा लागला होता.

‘भीमायन’ची चित्रं ज्याच्या डोळ्यांत राहिली त्याला पुढच्या वेळी त्या प्रश्नाचा फुगा दिसेल. पक्ष्याचा आहे की नांगीचा, हे दर वेळी लगेच ठरवता येणार नाही. गावाकडचा माणूस भेटल्याचा आनंद आणि चाचपणी यांचा आवाज बऱ्याचदा एकच असतो. पण फुग्याला आकार असतो, एवढं तरी आता विसरता येणार नाही. आणि पुढच्या वेळी तो प्रश्न आपल्याच ओठांवर आला, तर विचारण्याआधी त्याचा आकार बघून घ्या.